एकशे चौदा शंका

पहिल्या दिवशी त्यांनी मला काम दिलंच नाही. बसायला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी घरच्या माणसांची ओळख करून घे, बेटा. काम कुठे पळून जात नाही."

भिंतीवर खाकी कागदाचा मोठा ताव चिकटवलेला होता आणि त्यावर निळ्या शाईत वंशावळ काढलेली होती. मला वाटलं, त्यांच्या घराण्याची असेल. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, कोण आधी आलं, दरबारात कुणाला काय मान होता, कोण कुणाला दत्तक गेलं, हे सांगणारं एक तरी म्हातारं माणूस असतंच. पण जवळ जाऊन पाहिलं तर त्यात एकही माणूस नव्हता. सगळ्यात वर लिहिलं होतं 'रनऑफ'. तिच्याखाली एका बाजूला 'रॉफ' आणि 'ट्रॉफ', दुसऱ्या बाजूला 'स्क्रिप्ट', 'जीएमएल', 'एसजीएमएल', आणि तळाशी दोन नावं शेजारीशेजारी: 'एचटीएमएल' आणि 'एक्सएमएल'. कोपऱ्यात वेगळ्या दोघीतिघी होत्या.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. महाराज बाड्याच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. परदेशातल्या प्रकाशकांची पुस्तकं आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका आमच्याकडे यायच्या. त्यांच्या मजकुरात मध्येमध्ये खुणा घालायच्या, म्हणजे हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तळटीप, असं आमचं काम. त्या खुणा वाचून यंत्र पान मांडतं. अशा खुणांच्या भाषा असतात, आणि भिंतीवरची वंशावळ त्या भाषांची होती. बी.एस्सी. होऊन मी नुकतीच लागले होते. ते तपासणीचे प्रमुख. वय पंचावन्नच्या आसपास, अंगात खादीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात नेहमी दोन चष्मे. ऑफिसातली हिंदी मुलं त्यांना 'बाबूजी' म्हणायची. मी काका म्हणायला लागले.

"ही रनऑफ, आपली खापरपणजी," ते पट्टीने दाखवत म्हणाले. "ओळीच्या सुरुवातीला टिंब द्यायचं आणि हुकूम सोडायचा. इतकी जागा सोड. ही ओळ मधोमध घे. नवं पान काढ. तिची एक शाखा ही रॉफवाल्यांची. ट्रॉफ अजून जिवंत आहे, मोठमोठ्या यंत्रांच्या पोटातली माहितीपानं आजही तिच्यातच लिहितात. दुसऱ्या शाखेत स्क्रिप्ट. आणि ही जीएमएल, ही स्क्रिप्टकडे भाडेकरू म्हणून आली. स्वतःचं घर नव्हतं तिला, स्क्रिप्टच्याच हुकमांवर तिचं सगळं चालायचं. पण आली आणि घराची रीतच बदलून टाकली."

"म्हणजे काय केलं?"

"रनऑफ सांगायची, कसं दिसलं पाहिजे. जीएमएल म्हणाली, ते मला विचारू नका. मी फक्त सांगीन की हे आहे काय. हे शीर्षक आहे. ही यादी आहे. हे दुसऱ्या कुणाचं बोलणं आहे. दिसायचं कसं, ते नंतर बघा." त्यांनी चष्मा बदलला. "बस, एवढी एकच गोष्ट शिकायची आहे तुला. बाकी सगळं सोपं आहे."

एसजीएमएल ही जीएमएलची मुलगी, मोठी कडक, नियमांची जाडजूड पोथी बाळगणारी. एचटीएमएल तिची मुलगी म्हणवते, पण काकांना ते पुरतं मान्य नव्हतं. "हिने आईच्या कपाटातल्या खुणा उचलल्या, आपला संसार थाटला आणि पत्रिका मागाहून करून घेतली." एक्सएमएलला मात्र ते मुलगी मानतच नसत. "ही एसजीएमएलच आहे. उतारवयात निम्मं सामान भंगारात देऊन दोन खोल्यांत बिऱ्हाड हलवलं तिने." कोपऱ्यातली टेख ही वेगळ्या घरची. तिचं नाव आम्ही 'टेक' म्हटलं की ते थांबवत. "शेवटी ख म्हणा. घशातून." तिच्या घरात लाटेख वाढली, पण लाटेखला वळण मिळालं ते स्क्राइब नावाच्या तिसऱ्याच एका बाईचं. दत्तक, सावत्र, वळण, माहेर, हे शब्द वापरून त्यांनी मला तासाभरात जे शिकवलं ते मी नंतर जाड इंग्रजी पुस्तकांतून ताडून पाहिलं. कुठे चूक सापडली नाही.

ते स्वतः तरुणपणी दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्यात होते. खोलीएवढ्या संगणकावर जीएमएल शिकले. वडील गेले तेव्हा घरी थोरली बहीण एकटी राहिली, म्हणून नोकरी सोडून ग्वाल्हेरला परत आले. लग्न दोघांनीही केलं नाही. का, ते कधी कुणी विचारलं नसावं. विचारलं असतं तर त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं असतं असं वाटतं.

त्यांचं वैर होतं ते तिरप्या अक्षराशी. एखाद्याने मजकुरात नुसतं 'तिरपं' अशी खूण घातली की ते त्याला उठवून आपल्या टेबलाशी बोलावत.

"तिरपं का केलंस?"

"मूळ किताब में तिरछा है, बाबूजी."

"वो तो मुझे भी दिख रहा है. तिरछा क्यों है? पुस्तकाचं नाव आहे? परका शब्द आहे? जोर दिलाय? की मनातल्या मनात म्हटलंय?"

मग काका ते पान त्याच्याकडून पुन्हा वाचून घेत. एका पुस्तकासाठी असे चार-चार दिवस जात आणि मालक कावून जाई. एकदा शेतीच्या यंत्राची पुस्तिका होती. तिच्यात 'सूचना' आणि 'धोका' दोन्ही ठळक लाल छापलेले. आम्ही सरसकट ठळक लाल केलं. काकांनी माल अडवून धरला. "हात कापेल, हे आणि तेल बदला, हे एकच आहे का?" ते मालकाला म्हणाले. मालक म्हणाला, "बाबूजी, क्लायंट को दिखना चाहिए बस. मतलब किसने पूछा?" काकांनी रविवारी एकट्याने बसून ते वेगळं केलं आणि सोमवारी सकाळी राजीनामा ठेवला. भांडले नाहीत. वंशावळीचा कागद उतरवला, गुंडाळला आणि सायकलच्या दांडीला बांधला. कंपूतल्या त्यांच्या घरापर्यंत तो वाऱ्याने फडफडत गेला असणार. मी जिन्यात उभी राहून ते निघालेले पाहिले, आणि त्यानंतर दर शनिवारी त्यांच्या घरी जायला लागले.

कंपूतलं त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. बाहेरच्या खोलीत संगणक, आतल्या खोलीत ताईंची कार्डं. ताई म्हणजे त्यांची बहीण. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. मी जायला लागले त्याच्या दोन वर्षं आधी त्या वारल्या होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी ग्वाल्हेरच्या मराठीतले शब्द टिपले होते. लग्नात, भाजीच्या गाड्यावर, गणपतीच्या आरतीत, जिथे कानावर पडेल तिथे. पुण्याहून आलेले पाहुणे आपल्या मराठीला हसतात ते शब्द. आम्ही 'बाबा माझ्यावर बिघडले' म्हणतो, म्हणजे रागावले. 'मला काही आपत्ती नाही' म्हणजे हरकत नाही. 'माझी गाडी सुटली' म्हणजे चुकली. पुण्यात गाडी सुटली म्हणजे निघाली, आणि माणूस आत बसलेला असतो. आमच्याकडे माणूस फलाटावर राहिलेला असतो.

प्रत्येक शब्दाला एक कार्ड. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द, अर्थ आणि कोणाकडून ऐकला ते. मागच्या बाजूला, असली तर, शंका. ताईंची रीत अशी की ज्याची खात्री ते पुढे, ज्याची नाही ते मागे. त्यामुळे मागे लिहिताना त्या प्रश्नचिन्ह देत नसत. नुसतं लिहीत: 'हिंदीतून आलेला.' 'फक्त बायका म्हणतात.' 'सगळीकडे.' ते मागे आहे म्हणजेच ती शंका आहे.

काका ती सगळी कार्डं संगणकावर चढवत होते. एक्सएमएलमध्ये खुणांची नावं देवनागरीत देता येतात याचं त्यांना फार अप्रूप. शब्द, अर्थ, कोणाकडून, शंका, अशा चार खुणा त्यांनी ठरवल्या होत्या. ताईंनी जिथे प्रश्नचिन्ह दिलं नव्हतं तिथे त्यांनीही दिलं नाही.

"शंकेची खूण आहे ना," ते मला म्हणाले. "प्रश्नचिन्ह हे दिसणं झालं. छापताना प्रोग्रामला सांगायचं, जिथे शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह लाव. मी ताईच्या मजकुराला हात का लावू?"

एक कार्ड त्यांनी मला मुद्दाम काढून दाखवलं होतं. शब्द होता 'उरकुली'. अर्थ: सगळ्या पोळ्या झाल्यावर उरलेल्या कणकेची शेवटची लहानशी पोळी, घरातल्या धाकट्याची. कोणाकडून: आई. मागे लिहिलं होतं: 'जुना दख्खनी शब्द. सगळीकडे.'

"ताईला वाटायचं, जुना असेल," ते म्हणाले. "मला वाटायचं, आईनेच केलाय. मी धाकटा ना. आमची यावर पैज नव्हती, पण ताई कुणाच्याही घरी जेवायला गेली की शेवटच्या पोळीला काय म्हणता म्हणून विचारायची. असं विचारायची की शब्द आपण होऊन त्यांच्या तोंडून आला पाहिजे. आपण सांगायचा नाही. वीस वर्षांत कुणी म्हटला नाही. तरी तिने कार्ड फाडलं नाही."

असे एकशे चौदा शब्द होते ज्यांच्या मागे शंका होती.

काम सावकाश चाललं. वर्षंच्या वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, शनिवार कधी सुटायचे, पुन्हा सुरू व्हायचे. काका सत्तरीच्या पुढे गेले, कार्डं संपली, पण त्यांचं तपासणं संपेना. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं वाढलं. कंपूतल्या हॉस्पिटलात महिनाभर होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार काळ धरू नका. मी घरी येताना ठरवलं की यांच्या हातात पुस्तक द्यायचं.

त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याच संगणकावरून फाईल घेतली. छापखाना शहरातलाच होता. त्यांना साधी वर्डची फाईल हवी होती. एक्सएमएल म्हटल्यावर तिथला माणूस म्हणाला, "ये हमारे यहाँ नहीं चलेगा, मैडम. सीधा-सीधा दे दो." शिवाय पुस्तक काढणाऱ्या मराठी मंडळाच्या लोकांनी सांगितलं, पानं कमी करा. मी पंचवीस वर्षांची नव्हते, नवखी नव्हते. मला सगळं कळत होतं. तरी मी घाई केली. कोणाकडून ऐकला ते गाळलं. शंका अर्थाच्या पुढे त्याच ओळीत घेतली आणि ओळखू यावी म्हणून तिरपी केली. प्रश्नचिन्हं लावायला एक ओळीचा हुकूम पुरला असता. तो मला सुचला नाही. मनात एकच होतं की ते आहेत तोवर झालं पाहिजे.

छापखान्याने मजकूर आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला. त्या बदलात सगळं तिरपं सरळ झालं. मुद्रितं माझ्याकडे आली होती. मी जोडाक्षरं तपासली, शब्दांचा क्रम तपासला. अक्षर तिरपं आहे की सरळ, इकडे माझं लक्ष गेलं नाही. ज्या माणसाने मला दुसरं काही शिकवलंच नाही त्याच्या पुस्तकात लक्ष गेलं नाही.

प्रकाशन फूलबागेजवळच्या एका सभागृहात सकाळी अकराला होतं. काकांना आम्ही गाडीतून नेलं. नाकाशी प्राणवायूची नळी, अंगात धुतलेला पांढरा सदरा. पुस्तक हातात आल्यावर त्यांनी ते उघडलं नाही. नुसतं मुखपृष्ठावर ताईंच्या नावावरून अंगठा फिरवत राहिले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पाहुणे दक्षिणेतून आलेले प्राध्यापक होते. माणूस अभ्यासू, पुस्तक खरोखर वाचून आलेला. ते म्हणाले, "या कोशातला मला सर्वांत आवडलेला शब्द म्हणजे उरकुली. आमच्याकडे तो केव्हाच नाहीसा झालेला दिसतो. पण बाईंनी स्वच्छ नोंदवलं आहे: जुना दख्खनी शब्द, सगळीकडे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी तुमच्या पूर्वजांबरोबर आलेला शब्द या घरांनी आजपर्यंत जपला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

काकांनी तेव्हा पुस्तक उघडलं. दुसरा चष्मा लावला. पान शोधलं, वाचलं. मग आणखी एक पान काढलं, आणखी एक. त्यांच्या बोलण्याची पाळी आली तेव्हा माईक त्यांच्यापाशी नेला. ते म्हणाले, "सर्वांचे आभार. पुस्तकात एक चूक राहिली आहे. ती माझी आहे." एवढंच बोलून त्यांनी माईक बाजूला केला. लोकांना वाटलं, त्यांना भरून आलं.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "शंका कुठे आहेत, बेटा?"

"अर्थाच्या पुढेच आहेत, काका. तिरप्या केल्यात." असं म्हणत मी पुस्तक उघडलं, आणि मला दिसलं.

घरी त्यांना पलंगावर बसवलं, पंखा चालवला. मी रडायला लागले तेव्हा ते म्हणाले, "चूक तुझी नाही असं मी म्हणणार नाही. खोटं होईल ते. पण अर्धी माझी आहे. प्रश्नचिन्हं मी दिली असती तर कुणी काहीही केलं असतं तरी टिकली असती. मला वाटलं, खूण आहे ना." मग चष्मा काढून म्हणाले: "वाचणाऱ्याला दिसतं तेवढंच असतं, बेटा. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला टेबलाशी उभं केलं असतं."

फाईल जशीच्या तशी होती. पुन्हा छापता आलं असतं, कधीतरी. त्यांच्याकडे कधीतरी नव्हतं. तीनशे प्रती निघाल्या होत्या, त्यातल्या चाळीसएक समारंभात वाटल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेले सगळे गठ्ठे घरी मागवले आणि मला पेन्सिली आणायला सांगितल्या.

"पेन घेऊ की, काका. टिकेल."

"नाही. ताईची शंका आहे. कुणाला उत्तर सापडलं तर खोडता आलं पाहिजे."

एका प्रतीत एकशे चौदा प्रश्नचिन्हं. त्यांनी एका कागदावर पानांची यादी केली आणि सुरुवात केली. दिवसाला दोन प्रती व्हायच्या, बरा दिवस असला तर तीन. मी संध्याकाळी जाऊन दोन करायची. ते माझ्या प्रती तपासत. एकदा मी घाईने प्रश्नचिन्ह अर्थाला लावलं होतं, शंकेला नव्हे. त्यांनी खोडरबराने ते पुसलं, कागदावरची धूळ फुंकली आणि योग्य जागी काढलं.

वाटलेल्या प्रती मात्र घरोघर जाऊन गाठाव्या लागल्या. मी त्यांना नको म्हणत होते, पण ते यायचेच, रिक्षात प्राणवायूचं नळकांडं पायांशी धरून. लोक चांगले होते, चहा करायचे, पण पुस्तकात पेन्सिल टेकवली की कसनुसे व्हायचे. "नवं कोरं आहे हो, काका," एक जण म्हणाले. एका सरदार घराण्यातल्या तरुण सुनेने तर सरळ विचारलं, "ये ज़रूरी है क्या? म्हणजे, तसं काही खास तर नाही ना?" काका म्हणाले, "खास नाही. फक्त खरं आहे."

जनकगंजात एक आजी राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, कान तिखट. काका प्रश्नचिन्हं करत बसले होते. 'उरकुली'पाशी पेन्सिल आली तेव्हा आजी म्हणाल्या, "हा तर आमच्याकडे म्हणायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या."

काकांची पेन्सिल थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. वीस वर्षं ताईंनी ज्याची वाट पाहिली ते वाक्य त्यांच्यासमोर बोललं गेलं होतं.

"नक्की आठवतं?" त्यांनी विचारलं.

"हो तर. शेवटची पोळी. उरकुली."

"आजी, जरा विचार करून सांगा. हे तुम्हाला आधीपासून आठवत होतं, की पुस्तकात वाचल्यावर आठवलं?"

आजी सांगायला गेल्या आणि थांबल्या. प्रामाणिक बाई. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तुम्ही विचारलंत तर नाही सांगता येत. समारंभात त्या सरांनी म्हटलं ना, तेव्हापासून माझ्या मनात सासूबाईंचाच आवाज येतो. पण त्याआधी येत होता का... देवाशपथ, नाही सांगता येत."

"काही हरकत नाही," काका म्हणाले, आणि शंकेपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "आता कुणालाच विचारता येणार नाही, बेटा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जड गेलं. ती पोळी त्यांच्या आईची होती की सगळ्यांच्या आयांची, हे कळायची वाट मी बंद करून टाकली होती. पुस्तक दुरुस्त झालं असतं. माणसांच्या आठवणीत पेन्सिल कशी चालवायची.

त्यानंतर ते बाहेर पडले नाहीत. पलंगावर उशीला टेकून, मांडीवर पाट घेऊन प्रती करत राहिले. अक्षर थरथरायला लागलं तेव्हा ते फक्त टिंब देत आणि प्रश्नचिन्हाचा वरचा बाक मी काढत असे. शेवटच्या आठवड्यात एक दिवस त्यांनी विचारलं, "किती राहिल्या?"

"एकशे बारा."

"तू करशील?"

"करीन, काका."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मग डोळे मिटूनच म्हणाले, "घाई करू नकोस." तीन दिवसांनी सकाळी ते गेले. मी घरी मुलीचा डबा भरत होते तेव्हा फोन आला.

एकशे बारा प्रती करायला मला सात महिने लागले. वंशावळीचा तो खाकी कागद आता माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटलाय. माझी मुलगी एकदा म्हणाली, "आई, इसमें तेरा नाम कहाँ है?" मी म्हटलं, "माझं नाव त्यात नसतं, बेटा." मग मलाच ते उत्तर नीट वाटलं नाही.

मागच्या महिन्यात बाड्यावर काम होतं. वेळ उरला म्हणून तिथल्या एका वाचनालयात गेले. तिथली कोशाची प्रत काकांनी स्वतः केलेल्या पहिल्या काहींपैकी, मीच पोचवली होती. कपाटातून काढली, उघडली. पानं स्वच्छ होती. एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. वाटलं, दुसरी प्रत असेल. पण पहिल्या पानावर माझ्याच हातचा भेटीचा मजकूर होता.

तिथल्या ग्रंथपालांना विचारलं. भला माणूस, म्हणाला, "हाँ मैडम, किसी ने पेंसिल से पूरी गोद रखी थी. हमने दो दिन बैठकर साफ़ करवाई. अब देखिए, बिल्कुल नई लगती है."

मी त्यांना धन्यवाद म्हटलं. खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले. उन्हात पान तिरकं धरलं तेव्हा कळलं की शिसं गेलंय, पण काका पेन्सिल दाबून धरत, त्यामुळे कागदात खोलगट रेघ उरली होती. बोटाला लागत होती. पर्समध्ये हल्ली माझ्या पेन्सिल असतेच. पहिल्या शंकेपाशी आले आणि त्या रेघेवरून ती सावकाश फिरवली.

"मैडम," ग्रंथपाल टेबलापलीकडून म्हणाले, "किताब में लिखना मना है."

"हो, माहीत आहे," मी म्हटलं, आणि पुढचं पान काढलं.